कोऱ्यातला मोरपंखी धागा

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कोऱ्यात मोरपंखी धागा सापडला, तेव्हा ताईला लेकीकडे जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते. धागा तो केवढा, अर्धा मिलिमीटर लांब, पापणीच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. गाळणकागदाच्या पांढऱ्या पसाऱ्यात एका कुशीला वळून निजल्यासारखा पडला होता. त्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, कोटाच्या टोकाला चष्मा पुसला, आणि इथे कोटाला काही पुसायचं नसतं हे आठवून स्वतःशीच ओशाळला. पुन्हा वाकून पाहिलं. धागा होता तिथेच होता. कागद जरासा सरकवल्यावर उजवीकडे दुसरा, आणि मग अगदी कडेला तिसरा, अर्धा कागदात रुतलेला. तिन्ही मोरपंखी, निळा म्हणावा तर हिरव्याकडे झुकणारा, हिरवा म्हणावा तर निळ्याला धरून राहणारा. हा रंग त्याने झोपेतही ओळखला असता. गेली सहा वर्षं तो या रंगाला भेटत होता आणि भेटल्या भेटल्या वजा करत होता.

त्याचं काम मोजण्याचं. शहराला पाणी देणाऱ्या तलावातलं, शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं, आणि लोकांच्या घरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून प्रयोगशाळेत यायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारं प्लास्टिक किती, हे तो सांगायचा. पाण्यातलं शेवाळ आणि कुजका पाला औषधाने जिरवायचा, मिठाच्या दाट पाण्यात वाळू तळाला बसू द्यायची, वर तरंगेल ते बारीक कागदातून गाळायचं, कागद काचेच्या ताटलीत झाकून वाळवायचा, आणि मग शेत नांगरावं तसं भिंगाखाली एकेक पट्टा बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. तुकडे निघत, पापुद्रे निघत, मणी निघत, पण सगळ्यांत जास्त धागेच. म्हणून त्याला सगळे धागेमास्तर म्हणत, आणि त्यालाही ते आवडे, कारण शाळेत असताना त्याला मास्तरच व्हायचं होतं. दर खेपेला या बाटल्यांच्या रांगेत एक बाटली शुद्ध केलेल्या पाण्याची असायची. तिचं नाव कोरा. कोऱ्यात काही नाही हे ठाऊक असूनही त्याला सगळे सोपस्कार बाकीच्यांसारखेच. तेच औषध, तेच मीठ, तीच काच, तोच माणूस. एवढं करून कोऱ्यात जे सापडेल ते पाण्यातलं नव्हे, ते खोलीतल्या हवेतलं, भांड्यातलं, नाहीतर मोजणाऱ्याच्या अंगावरचं. तेवढं बाकीच्या आकड्यांतून वजा करायचं. कोऱ्यात दिसतं ते आपलंच तोंड, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगायच्या. त्यामुळे इथे सगळ्यांचे कोट सुती, पडदे नाहीत, गालिचा नाही, आणि कोणी नवीन झुळझुळीत ओढणी घालून आलंच तर तिची घडी दाराबाहेरच्या खणात राहायची.

सहा वर्षांपूर्वी कोऱ्यात पहिल्यांदा मोरपंखी दिसला तेव्हा त्याला गुन्हेगार शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ताईचा स्वेटर. थंडी असो नसो, दिवस उजाडला की ती तो अंगावर चढवायची. कोपरांवर विरलेला, खिसे ओघळलेला, धुऊन धुऊन लव सुटलेला. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवरून चिमूटभर लव चिमट्याने उचलून काचेच्या कुपीतून आणली आणि इन्फ्रारेडच्या यंत्राखाली ठेवली. यंत्र म्हणालं अॅक्रिलिक. मग कोऱ्यातला धागा ठेवला. यंत्र म्हणालं अॅक्रिलिक. पडद्यावर दोन्ही आलेखांच्या टेकड्या एकीवर एक चपखल बसल्या. यंत्र धाग्याचं कूळ सांगतं, घर सांगत नाही, हे तो दरवर्षी शिकाऊ मंडळींना घसा कोरडा करून सांगायचा. पण त्या दिवशी घर त्याला आधीच माहीत होतं, त्यामुळे यंत्राला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. त्याने नोंदवहीत लिहिलं, स्रोत: विश्लेषकाच्या घरातील विणलेले अॅक्रिलिक वस्त्र, आणि खाली सही केली. मॅडमनीही केली.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई कायमची आजारी, त्यामुळे त्याला शाळेत धाडायचं काम ताईकडे. डोक्यावर तांब्याने पाणी ओतणं, कानामागचा साबण काढणं, भांग पाडणं, आणि दाराशी उभं करून कॉलर सरळ करणं. मग ती आपला तळवा त्याच्या दोन्ही खांद्यांवरून एकेकदा फिरवायची, धूळ झटकल्यासारखा, आणि म्हणायची, हं, सूट आता. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, मुलीचंही लग्न झालं, आणि ती या एकट्या भावाकडे राहायला आली तेव्हा तो चाळिशी कधीच ओलांडून बसला होता. पहिल्याच सकाळी तो डबा घेऊन निघाला तर ही दाराशी हजर. कॉलर, मग डावा खांदा, मग उजवा. समोरच्या घरातले गृहस्थ वर्तमानपत्र उचलायला बाहेर आले होते ते बघतच राहिले. हं, सूट आता. जिना उतरताना त्याचे कान गरम झाले होते. रोज सकाळी मग हेच. तो कधी मोजे विसरल्याचं सोंग करायचा, कधी फोन कानाला लावून निघायचा. पण ताईचा हात फोनबिन मानणारा नव्हता.

धागा सापडल्याच्या संध्याकाळी त्याने तिला समजावून सांगितलं. शक्य तितक्या हळुवारपणे, असं त्याला तरी वाटलं. तिच्या स्वेटरची लव त्याच्या खांद्यावर येते, खांद्यावरून कोटावर, कोटावरून काचेत, आणि त्यापायी सगळ्या शहराचा हिशोब बिघडतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, की म्हणजे मी जवळ यायचं नाही का. तो म्हणाला, सकाळी तरी नको. त्यानंतर ताई सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी राहू लागली, दोन हात लांब, हात पदराखाली. तिथूनच डोळ्यांनी कॉलर बघायची. कॉलर वाकडी असली तर आपल्या गळ्याशी बोट नेऊन खूण करायची, आणि तो आपली आपण सरळ करायचा. संध्याकाळी तो आला की चहाचं आधण ठेवता ठेवता पाठमोरीच विचारायची, आज किती आले? तो सांगायचा, चार. कधी पाच. कधी तीनच. कमी नाही झाले म्हणायचे, असं म्हणून ती साखरेचा डबा काढायची.

मोजता मोजता दुपारी एक वेळ अशी येते की मोजणारा आणि मोजलेलं यांच्यात फारसा फरक राहत नाही. हवा गाळणाऱ्या कपाटाची घरघर एकसुरी चाललेली असते, खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलेलं असतं, आणि भिंगातल्या त्या उजळ गोलात धागे पडलेले असतात, लाल, काळे, पारदर्शक, कोणाच्या मोज्याचे, कोणाच्या दोराचे, कुठल्या बुडालेल्या होडीच्या जाळ्याचे. कोण कुठलं, आणि इथे येऊन शेजारी शेजारी पडलंय. त्याला वाटायचं आपणही असेच अलगद खाली चाललो आहोत, डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं. वरून उजेड येतोय आणि त्या उजेडात कुठेतरी एक मोरपंखी काहीतरी लांबवर उभं आहे, जवळ येत नाही, जातही नाही. मग कोणीतरी दार ढकलायचं आणि तो दचकून बोटाखालचं बटण दाबायचा. आकडा एकाने वाढायचा. तो धागा खरंच पाहिला होता की नुसतंच दचकून बटण दाबलं, या शंकेने पूर्ण पट्टा पुन्हा पहिल्यापासून.

ताई गेली ती चार दिवसांसाठी म्हणून. भाचीचं घर बदलायचं होतं, सामान लावायला कोणीतरी हवं होतं. टॅक्सीत बसताना ती एक पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि काच वर करायच्या आधी म्हणाली होती की फ्रिजमधलं दही आजच संपव. टॅक्सी वळली तेव्हा काचेमागे तो मोरपंखी रंग एकदा चमकला होता, हे त्याला लख्ख आठवत होतं. चाराचे दहा झाले, दहाचे तीस. मग गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला. ती म्हणाली, मी इथेच राहीन म्हणते. लेकीला मदत होते, आणि तुलाही सुटसुटीत होईल, सारखं जपायला नको. रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी जावई टेम्पो पाठवेल, माझं कपाट तेवढं त्यात चढवून दे. हे सगळं ती इतक्या सरळ आवाजात बोलली की त्यात कुठे थांबायचं ते त्याला कळेना. तो म्हणाला, तुझी मर्जी. ती म्हणाली, बरं. फोन ठेवल्यावर तो तिच्या खोलीत जाऊन कपाटासमोर उभा राहिला, ते जिन्यातून आडवं उतरेल की उभं याचा विचार करत. कपाट उतरलं की ताई गेली, हे त्याला कळत होतं. आणि ते थांबवायला आपल्याकडे एक शब्द नाही, हेही. ती असताना घर जड वाटे आणि आता रोज संध्याकाळी तो किल्ली हातात घेऊन दाराशी रेंगाळत होता. तिच्यामुळे त्याचं काम नासतं हे त्यानेच तिला सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार, ये.

ताई गेल्यावर कोरा स्वच्छ होईल, निदान एवढं तरी होईल, असं तो धरून चालला होता. पहिल्या आठवड्यात धागे आले तेव्हा म्हणाला, घरात लव राहिलेली असणार. त्याने घर पुसलं, पडदे धुतले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले. तेव्हा गादीला दोष दिला, गादी उन्हात घातली, तिची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. चौथ्या आठवड्यात सगळे शर्ट नवे घेतले. एकेक सबब वापरून संपत गेली. आणि आज, त्रेचाळिसाव्या दिवशी, तो प्रयोगशाळेतच आंघोळ करून, पाकिटातून काढलेला, इथेच धुतलेला कोरा करकरीत कोट घालून बसला होता. तरी तीन.

दुपारी तो मोरीपाशी ताटल्या धुवायला उभा राहिला. हे काम करायला माणूस होता, पण मन लागत नसलं की तो ते काम मागून घ्यायचा. पद्धत ठरलेली. आधी नळाखाली साबणाने घासायच्या, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळायच्या, मग पालथ्या घालायच्या. नळाचं पाणी काचेवरून पातळ पडद्यासारखं ओघळत होतं आणि त्यात खिडकी वितळल्यासारखी दिसत होती. ताईचा तांब्या. डोळे मीट, ती म्हणायची, आणि तो मुद्दाम उघडे ठेवायचा. पाण्याचा लोंढा कपाळावरून डोळ्यांवर यायचा आणि समोरची ताई विरघळायची, तिला नाक नसायचं, हात नसायचे, नुसता तिच्या परकराचा रंग सगळीकडे पसरायचा, कधी तांबडा, कधी पिवळा. आणि पाच-सहा वर्षांचा तो ठाम समजत असे की रंग पाण्यालाच आहे. एकदा त्याने ताईला विचारलंही होतं, आज पाणी पिवळं का. ती इतकी हसली होती की तांब्या हातातून निसटला. रंग पाण्याला नसतो रे वेड्या, माझ्या परकराला आहे. ते हसू त्याच्या कानात होतं, नळ तसाच वाहत होता, बोटं गार पडली होती, आणि हातातली ताटली त्याने उजेडाकडे धरली होती ती किती वेळ कोण जाणे. मग त्याने नळ बंद केला. नळ शहराचा होता. ज्या पाण्यातलं प्लास्टिक मोजायचं त्याच पाण्यात तो सहा वर्षं ताटल्या धुवत होता.

शुद्ध पाण्याने तीनदा विसळलं तरी काचेला चिकटलेला एखादा धागा सुटत नाही, हे काही त्याला नव्याने शिकायचं नव्हतं. पण नळाच्या पाण्यात हा धागा नाही, हे त्यानेच तर दर महिन्याला लिहून दिलं होतं. कारण नळाच्या बाटलीत या रंगाचे जितके निघत तितके सगळे स्वेटरचे म्हणून वजा होत. संध्याकाळी त्याने ताटल्यांचा एक संच भट्टीत घातला. साडेचारशे अंशांत प्लास्टिकची राखही उरत नाही. शुक्रवारी सकाळी दोन कोरे केले, एक भट्टीतून काढलेल्या, नळ न लागलेल्या काचेत, दुसरा नेहमीसारखा धुतलेल्या काचेत. आणि तिसरं, दहा लिटर नळाचं पाणी सरळ गाळून, काहीही वजा न करता. पहिला कागद त्याने तीनदा नांगरला. काही नाही. एवढं पांढरं त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याचे डोळे दुखायला लागले. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात मोरपंखीच मोरपंखी. एकेचाळीसपर्यंत मोजून तो थांबला, उठला, आणि मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडम पाच मिनिटं भिंगाला डोळे लावून बसल्या आणि मग त्यांनी शुद्धीकरण केंद्रावरच्या माणसाला फोन लावला. सहा वर्षांपूर्वी केंद्रात मोठाल्या चकत्या बसवल्या होत्या, लव असलेलं जाड कापड ताणून बसवलेल्या. पाणी त्या कापडातून गाळलं की बारीक प्लास्टिक लवेत अडकतं. ही गाळणी काम करते की नाही हे तपासायचं कामही या प्रयोगशाळेकडेच होतं, आणि ती उत्तम काम करते असं धागेमास्तरांच्याच आकड्यांवरून सिद्ध झालं होतं. कापडाचा रंग कोणता, असं मॅडमनी विचारलं. माणूस म्हणाला, चकत्या कायम पाण्यात बुडालेल्या, वरून काही दिसत नाही, पण बदलायचं कापड कोठीत आहे ते बघून सांगतो. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, हिरवट निळं आहे मॅडम, मोराच्या पिसासारखं, आणि लेबलावर अॅक्रिलिक लिहिलंय. मॅडमनी फोन ठेवला.

"कुंपणानेच शेत खाल्लं की हो," त्या म्हणाल्या. मग वहीची जुनी पानं उलटत त्या सहीपाशी थांबल्या. सही दोघांची होती, त्यामुळे चूकही दोघांची, असं म्हणून त्यांनी कामं वाटून घेतली; सहा वर्षांचे आकडे पुन्हा काढायचे, केंद्राला आजच कळवायचं, चकत्या थांबवायच्या, वर कळवायचं ते त्या कळवतील. तो मान डोलावत होता. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "पण तुम्हाला इतकी वर्षं स्वेटरच कसा काय वाटला? दुसरी शंकाच आली नाही?"

तो म्हणाला, रंग सारखा होता. उत्तर बरोबर होतं. पण ते देऊन तो बाहेर पडला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत जाता जाता त्याला वाटलं की आपण आपल्यालाच चकवून निघालो आहोत. दुसरी शंका यायला जागाच नव्हती, कारण तो धागा त्याला हवा होता. पहिल्यांदा तो सापडला त्या सोमवारी भिंगावरून डोळे उचलताना त्याला काय वाटलं होतं ते आता जसंच्या तसं परत आलं, वासासारखं. सुटल्यासारखं वाटलं होतं. आता तिला सांगता येईल. आता खांदे आपले. मोठ्या माणसाला रोज दाराशी उभं करून झटकणारा तो हात आता कोणाचंही मन न दुखवता, शहराच्या पाण्याच्या नावाने दूर करता येईल. आयतं कोलीत हाती आलं आणि त्याने ते लावलं. त्यानंतर धागा कमी होईना म्हणून तो त्रासला होता, हेही खोटं नव्हतं. पण दर संध्याकाळी पाठमोऱ्या ताईला चार, पाच असं सांगताना त्याच्या आवाजात थोडा ताठा असायचा, तक्रारदाराचा. तो जिन्यात आला आणि मधल्या पायरीवर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटतच राहिली, आणि तशातच त्याने फोन लावला.

भाचीने उचलला, मामा बोलतोय म्हटल्यावर आईकडे दिला. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. ताईने आधी विचारलं की जेवलास का, आणि मग टेम्पो रविवारी सकाळी दहाला निघेल म्हणाली.

"ताई, तो धागा तुझा नव्हता," तो म्हणाला.

"कुठला धागा?"

"कोऱ्यातला. मोरपंखी. तो पाण्यातच होता, पहिल्यापासून. केंद्रातल्या गाळणीचा. तुझ्या स्वेटरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अरे, स्वेटर कुठला?" ती म्हणाली. "तो तर मी त्याच आठवड्यात देऊन टाकला. जिना झाडायला यायची तिला."

तो म्हणाला, असं कसं होईल. मी रोज बघत होतो. चौकटीशी उभी असायचीस तेव्हा अंगावर तोच असायचा. टॅक्सीत बसलीस तेव्हाही. बोलता बोलता त्याने ती सकाळ डोळ्यांसमोर आणली, टॅक्सी, पिशवी, वर जाणारी काच, आणि काचेमागचा रंग बोटाने खरवडून बघावा तसा खरवडला. तो सुटून आला. खाली काय होतं ते दिसेना. मग चौकटीतली ताई, एक एक सकाळ मागे जात, सहा वर्षांच्या सकाळी. प्रत्येकीवरचा मोरपंखी नखाला लागून निघत होता आणि खाली काहीच रंगवलेलं नव्हतं. भिंगाखाली केसाच्या पाचव्या हिश्शाचा धागा ज्याच्या नजरेतून सुटत नसे त्याने सहा वर्षं समोर उभ्या असलेल्या बहिणीच्या अंगावर काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"मग तू लांब का उभी राहायचीस?" त्याने विचारलं.

"तू सांगायचास ना रोज, चार आले, पाच आले. स्वेटर दिला, तरी चार. मग शाल दिली. चादरी बदलल्या, सुती केल्या सगळ्या. केसांना रुमाल बांधून बघितला महिनाभर. तरी चार. मग म्हटलं, माझ्यातच असेल काहीतरी. वय झालं की माणूस झडतंच." ती हे सांगत होती ते तक्रारीच्या सुरात नव्हे, भाजी महाग झाली, पुढे मिळेनाशी झाली, असं सांगावं तशी.

तो म्हणाला, ताई, चुकलं माझं. ती हं म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि माझाच निघाला असता तर?"

इथे काहीही बोलता आलं असतं. ती समोर नव्हती, आवाज गोड करता आला असता. पण आयुष्यभर जेवढं दिसेल तेवढंच लिहायची सवय, आणि गेल्या दोन दिवसांत ती सवयही उघडी पडलेली.

"तर फोन केला नसता," तो म्हणाला. "आणि मला तेव्हा बरंच वाटलं होतं, ताई. तू लांब राहायला लागलीस तेव्हा."

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "खांदा आवळून घ्यायचास. हाताला कळतं ते."

मागे भांडी वाजायची थांबली होती. त्याने विचारलं, टेम्पो नको म्हणून सांगू का. तू परत ये. ती लगेच नाही म्हणाली, पण त्यात राग नव्हता. तिथे कामं आहेत, भाची ऑफिसला गेली की घर तिच्यावर असतं, संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दोघी येऊन बसतात. "आणि इथे मला कोणी मोजत नाही, बाळ्या." हे नाव तिने सहा वर्षांत घेतलं नव्हतं, की घेतलं होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं, हे आता त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. मग तीच म्हणाली की कपाट काही लवकर चढत नाही, दोर नीट बांधायला सांग, आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक जागा असते, तर तूही बस आणि ये. राहायला ये, न्यायला नको. किती दिवसांची रजा मिळते ते बघ. तो म्हणाला, येतो.

बोलणं संपलं होतं, तरी त्याला ठेववेना. जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळ खाली उतरत होती, पायऱ्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्याने डोळे मिटले आणि फोनपलीकडच्या त्या घरात, जे त्याने अजून पाहिलं नव्हतं, ताईला उभी करायचा प्रयत्न केला. ती आली, उंची आली, मान एका बाजूला झुकवून फोन धरायची ढब आली. बाकी ती नुसती पांढरी होती.

"ताई," तो म्हणाला, "आत्ता काय घातलंयस?"

ती हसली. पूर्वी हसायची तशी नव्हे, थोडंसंच.

"येऊन बघ," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.